सरदाराचा फाटका सदरा

९ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला म्हातारं झाल्यासारखं वाटतं, म्हणूनच मुद्दाम म्हटलं.

तुझं पाकीट पोचलं. पोस्टमनने ते दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "विटा मागवल्यात का?" मी म्हटलं, "नाही हो, नणंदेनं माया पाठवलीय." तर म्हणाला, "मग जड असणारच."

उघडून पाहिलं आणि हसूच आलं. अगदी भावासारखं कापलंयस पुस्तक. पाठीवर ब्लेड फिरवून, कव्हर फेकून, वर सुतळी. हे आयुष्यभर लिफ्टमधल्या स्टुलावर बसले आणि गणवेशाच्या खिशात मावेल तेवढंच पुस्तक बरोबर नेत राहिले. जाडं पुस्तक दिसलं की माणसं घाबरतात, हे खूश व्हायचे आणि ब्लेड शोधायचे. एक तुकडा खिशात, दुसरा घरी, तिसरा कुठल्यातरी मजल्यावरच्या कारकुनाला उसना दिलेला, तो कधी यायचा, कधी नाही.

मी शाळा सोडली चौथीत. वाचायला शिकले ती यांच्या तुकड्यांवर. त्यामुळे खून आधी आणि ओळख नंतर, लग्न आधी आणि भेट नंतर, असंच मला सगळं माहीत. मधला भाग मनाने जुळवून घ्यायची इतकी सवय आहे, की एकदा यांनी मला अख्खं पुस्तक एकसंध आणून दिलं तर मला ते पाल्हाळिक वाटलं. पानांवर आकडे असतात हेही माझ्या लक्षात राहत नाही.

असो. तू हे पुस्तक का पाठवलंस तेही मला कळतं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, यांच्या शेवटच्या दिवसाचं मला तुला एकदा सगळं सांगायचंय. वर्ष होऊन गेलं. तेव्हा तू तिकडे पायाला प्लास्टर घालून अडकलेली, इथे मी एकटी. जे झालं ते पाहणारी मीच. दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर लोक "सुटले बिचारे" म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. ते ज्याला सांगावं असं माणूस एकच, तू. आणि तू काय करतेस? फोनवर विषय काढला की म्हणतेस, "थांब वहिनी, दारावरची बेल वाजली." तुझ्या दाराला बेल नाही, वन्सं. मी तुझ्याकडे राहून गेले आहे.

म्हणून पत्रात लिहायचं ठरवलं, पत्रात बेल वाजत नाही. तर तू विटा पाठवल्यास.

ठीक आहे. वाचते. पण माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

तुझी,
वहिनी

---

१९ जानेवारी

प्रिय वहिनी,

बेल नाही, पण कडी आहे, ती वाजते.

पुस्तकाचं म्हणशील तर ते मी रद्दीवाल्याकडून आमच्या दवाखान्यासाठी आणलं होतं. दात काढायला ताटकळलेल्या लोकांना काहीतरी चाळायला हवं, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणा दोन-चार मासिकं. मासिकं संपली होती, हे होतं. 'काळवंडलेला मनोरा'. कुठल्यातरी जुन्या राज्यातली गोष्ट, लढाया, घोडे, वटवाघळं, आणि प्रेम इतकं की बाहीला चिकटतं. एक आजोबा वाचता वाचता असे किंचाळले की आत खुर्चीवर बसलेली बाई दात तसाच ठेवून उठून गेली. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी ते माझ्या पिशवीत कोंबलं.

दोन तुकडे केलेत. पहिला वाच, मग कळव, मग दुसरा पाठवीन. एकदम पाठवला तर तू शेवटापासून सुरुवात करशील, मला तुझी खात्री नाही.

दुसरं जे म्हणतेस ते लिहू कधीतरी निवांत. आज काउंटरवर फार गर्दी आहे. डॉक्टरीणबाई हाक मारताहेत.

तुझी नणंद

---

५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

डॉक्टरीणबाई बऱ्या वेळेवर हाका मारतात.

पहिला तुकडा संपला. मी आजवर स्वतःला शहाणी समजत होते. लोकांच्या पँटी आखूड करणारी, चेन बदलणारी, काज-बटणं करणारी बाई, पन्नाशी उलटलेली, जगाचा अनुभव घेतलेली. तर काल दुकानात मधल्या सुट्टीत वाचायला बसले आणि सुट्टी संपल्यावरही डोकं मनोऱ्यातच. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही शिवायला घेतली ती मनगटाशी गोल शिवून बंदच करून टाकली. पिशवीसारखी. मास्तरांनी हात घालून पाहिला, हात बाहेर येईना. म्हणाले, "ताई, हा माणूस काय मुठी आवळून फिरणारे का?" मग म्हणाले, "त्या पुस्तकात शिरताना मशीन बंद करत जा."

काय ते वातावरण! समुद्रातला कडा, त्यावर मनोरा, आणि त्या किल्ल्यांचा जुडगा वाजवत जिन्यावरून फिरणारी जुनी दासी. ती काही करत नाही, नुसती वाजते. तेवढ्यानंच माझे हातपाय गार. घरी आल्यावर मी कपाटामागे वाकून बघितलं. माझं घर दीड खोलीचं. त्यात यांची खाट अजून तशीच. भूत आलंच तर उभं कुठे राहणार, हा प्रश्न मला भूत यायच्या भीतीपेक्षा मोठा वाटायला हवा होता, पण वाटला नाही.

आणि तो सरदार! त्याचं नाव इतकं लांब आहे की मी सरदारच म्हणते. तिची नि माझी, म्हणजे सरदारिणीची नि माझी, सुरुवातीला जमेना. सारखी मूर्च्छा येते तिला. पण तो लढाईला निघतो, घोड्यावरून वाकून तिला म्हणतो, "खिडकी उघडी ठेव, मी परत येईन," तिथे मी रडले. लाज वाटते सांगायला. पदर घेतला तो बघते तर गिऱ्हाइकाचं अस्तर. ओलं करून ठेवलं. इस्त्री फिरवून वाळवलं.

पुढचा तुकडा पाठव. तो परत येतो की नाही तेवढं सांगू नकोस.

तुझी,
वहिनी

---

१४ फेब्रुवारी

वहिनी,

पाठवलाय दुसरा तुकडा. येतो की नाही ते तूच बघ. घाई करू नकोस वाचायला, आणि मशीनवर बसून अजिबात नको.

नणंद

---

२ मार्च

प्रिय वन्सं,

आला! पहिल्याच पानावर आला!

मला वाटलं होतं लढाईची वर्णनं वगैरे वाचावी लागतील, पण लेखक शहाणा आहे. सगळं टाळून थेट शरद ऋतू आणि सरदार खिडकीत उभा. याला म्हणतात लिहिणं. आपले हे म्हणायचे, चांगला लेखक वाचणाऱ्यावर विश्वास टाकतो. टाकला त्याने माझ्यावर.

पण मला काही गोष्टी खटकल्या आणि त्या तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरदाराचा सदरा छातीवर फाटलाय. पहिल्या भेटीत फाटलेला, पाचव्या भेटीत फाटलेला, समुद्रकाठी ते दोघं फिरतात तेव्हाही फाटलेलाच. माणूस लढाईवरून आला, कबूल. पण घरात दहा नोकर, सरदारीण दिवसभर भरतकाम करत बसते, आणि नवऱ्याच्या सदऱ्याला एक टाका घालत नाही? अगं, आतून पट्टी लावून धावदोरा घातला तरी चाललं असतं. दर वेळी लेखक ती फाट वर्णन करतो आणि दर वेळी माझे हात शिवशिवतात.

तो जेवतही नाही. ताट मांडते ती, तसंच उचलते. लढाईवरून आलेल्याचं पोट बिघडतं, लंघन बरं, म्हणून मी सोडून दिलं. नोकर तर इतके उर्मट की तो समोर असून कुणी मुजरा करत नाही. कुत्रं एकटं त्याच्यावर भुंकतं. तेही आता विसरलं असेल धन्याला. आणि ती सारखी काळं नेसते. मला वाटतं गोऱ्या रंगाला काळं खुलतं म्हणून.

पण नवरा काय आहे गं! येतो, शेजारी बसतो. काही मागत नाही. "माझा टॉवेल कुठाय" नाही, "चहा कोमट झालाय" नाही. ती बोलते, तो ऐकतो. संध्याकाळी येतो आणि ती झोपली की निघून जातो, बहुधा राज्यकारभाराला.

तुला एक सांगू का? हे गेल्यापासून मला दुकानातून घरी जायची घाई कधी झाली नव्हती. उलट मास्तरांनी दिवे घालवले की मी पायरीवर रेंगाळायचे. आता हल्ली भरभर चालते. कुणीतरी घरी वाट बघत असल्यासारखी. त्या सरदाराला दोन पानं भेटते आणि मग स्वयंपाकाला लागते.

तुझे आभार कसे मानू? बेलीबद्दल तुला माफ केलं.

तुझी,
वहिनी

---

११ मार्च

वन्सं,

तुझं पत्र आलं नाही, पण मला राहवत नाही. पुस्तक संपलं. मी इतकी चिडले आहे की दुपारी जेवले नाही.

ती बाई त्याला घालवते! खिडकी उघडते आणि सांगते, "आता जा." का? काय बिघडवलंय त्याने तिचं? मारलं? प्यायला? दुसरी ठेवली? कधी मोठ्याने बोललाही नाही. आणि तो इतका गरीब, की निमूट जातो. आणि मग ही बाई काय करते, तर खाली येऊन नोकरांना सांगते की मनोऱ्याचं गळकं छप्पर दुरुस्त करून घ्या. संपलं पुस्तक. छपरावर!

मी दुकानात मास्तरांना विचारलं, असं कधी होतं का? ते म्हणाले, "बायकांचं काही सांगता येत नाही." म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

वन्सं, कुणी हे माझ्या दारात आणून उभे केले असते, फाटक्या सदऱ्यानिशी, न जेवणारे, न बोलणारे, तर मी दाराला आतून कुलूप घातलं असतं आणि किल्ली गिळली असती. जा म्हणते! तुला ही सरदारीण कळली असेल तर मला समजाव. मला या पुस्तकावर असं रागावून राहायचं नाहीये.

वहिनी

---

१८ मार्च

वहिनी,

बसून वाच.

सरदार मेलेला आहे. तो लढाईवरून जखमी होऊन येतो आणि मनोऱ्यातच मरतो. सदऱ्याला जी फाट आहे ती तलवारीची आहे. तू जे वाचलंस तो तिसरा तुकडा. दुसरा माझ्याकडे आहे.

मला वाटलं तू पहिल्या पानावरच ओळखशील. मग तुझं ते घाईने घरी जाण्याचं पत्र आलं आणि माझ्याने लिहवेना.

नणंद

---

२४ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी दुकानात उघडलं. वाचून जी हसायला लागले ती थांबेना. मास्तर पाणी घेऊन आले. त्यांना वाटलं कुणी वारलं. मी म्हटलं, हो, वारला, पण सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं.

काय गं माझी ही अक्कल! भिंतीतून येणारा माणूस, मी म्हणते याच्याकडे किल्ली असणार. आरशात दिसत नाही, मी म्हणते आरसा जुना झालाय, पारा उडाला असेल. सावली पडत नाही. मला वाटलं ढगाळ हवा. एके ठिकाणी तर सरदारीण त्याच्या थडग्यावर फुलं ठेवते आणि तो शेजारी उभा आहे! मला वाटलं थडगं सासऱ्याचं. वर मनात म्हटलं, बघा, सून किती गुणाची.

आणि सदरा! अगं, मी तलवारीच्या जखमेला धावदोरा घालायला निघाले होते. आतून पट्टी लावून!

रात्रंदिवस भुताच्या पुस्तकात राहून भूत न दिसलेली बाई जगात मी एकटीच असणार. यांच्या तुकड्यांनी मला ही विद्या दिली. जे नाही ते जुळवून घ्यायचं आणि पुढे जायचं. यांना हे ऐकवलं असतं तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबवून हसले असते.

हसून झाल्यावर मात्र घरी येऊन बसले. सरदारीण आता कळली. तिच्यावर उगाच तोंड टाकलं. तिला जे करावं लागलं ते फार अवघड होतं, आणि मी तिला छपरावरून बोलले.

आता माझं ऐक. मला मधला तुकडा हवाय. तू तो का ठेवून घेतलास ते मला समजतंय. वहिनीने मरणाची पानं वाचायला नकोत, म्हणून. पण वन्सं, मी ते खरंखुरं पाहिलेलं आहे. कागदावरच्या सरदाराला मी काय भिऊ? पाठव. गहाळ झाला, उंदराने खाल्ला, डॉक्टरीणबाईंनी फेकला, यातलं काही लिहू नकोस.

तुझी,
वहिनी

---

३ एप्रिल

प्रिय वहिनी,

उंदराचंच लिहिणार होते.

तुकडा सोबत पाठवते आहे. पण तुझ्यासाठी ठेवून घेतला होता हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं लिहायला मला चार कागद लागले, तीन फाडले.

त्यात सरदार खाटेवर पडलेला असतो आणि त्याची खाट दाराकडे तोंड करून ठेवलेली असते. त्याची धाकटी बहीण समुद्रापलीकडे दिलेली आहे. तिला निरोप गेलाय. तिचं जहाज वादळात अडकलंय. तो दर थोड्या वेळाने विचारतो, "आली का?" दासी म्हणते, "येईल." आणि तो दाराकडे बघत राहतो. बघता बघताच जातो.

ती पानं मी दवाखान्यातल्या काउंटरवर वाचली. समोर एक बाई पावतीसाठी उभी होती. मी तिला पावती दिली, सुट्टे दिले, आत जाऊन वाफेच्या त्या भांड्यापाशी, जिथे डॉक्टरीणबाईंची हत्यारं उकळतात, तिथे उभी राहिले, म्हणजे तोंड ओलं का ते कुणी विचारायला नको. मग घरी येऊन ब्लेड घेतलं.

तू सांगायला लागलीस की माझी बेल वाजते, हे तू बरोबर ओळखलंस. तू काय सांगणार ते मला ऐकायचं नाही असं नाही. मला एकच गोष्ट ऐकायची नाही. आणि ती विचारल्याशिवाय मला बाकीचं ऐकताही येणार नाही. म्हणून विचारते. दादाने माझी वाट बघितली का? दाराकडे बघत होता का?

मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. जसं होतं तसं लिही.

तुझी नणंद

---

१५ एप्रिल

प्रिय वन्सं,

तू विचारलंस. मी वर्षभर याचीच वाट बघत होते.

आधी पुस्तकाचं सांगून टाकते, म्हणजे ते बाजूला होईल. तो मधला तुकडा वाचला. सरदार छातीत तलवार जाऊन पानंच्या पानं बोलतो. कुलाची कीर्ती, समुद्राची गाज, पहिल्या भेटीचा चंद्र. एवढं बोलू शकत होता तर वैद्याने आशा सोडायला नको होती. आपल्या यांना शेवटच्या दिवसांत 'पाणी' म्हणायला दोन श्वास लागायचे. ते लिहिणाऱ्याने मरणारं माणूस जवळून बघितलेलं नाही, आणि तू त्याच्या शब्दावर माझा नवरा मोजत बसलीस.

आता जसं होतं तसं.

यांची खाट खिडकीशी होती, अजून आहे. डोकं दाराकडे, पाय खिडकीकडे. दार यांच्या डोक्यामागे. मान मागे टाकून उलटं पाहिल्याशिवाय ते दिसतच नाही. म्हणजे दाराकडे बघत वाट पाहायची सोयच या खोलीत नाही, वन्सं. दिसायची ती समोरची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेले लोकांचे कपडे. त्या कपड्यांवरून हे घरातली माणसं ओळखायचे.

सकाळी तुझं नाव काढलं. हो, काढलं. म्हणाले, "प्लास्टर निघालं का तिचं?" मी म्हटलं, अजून नाही, पण तशीच येते म्हणतेय, वॉकर घेऊन. तर म्हणाले, "नको म्हणावं. ती इथं येऊन पडेल. आणि उचलायला... मलाच उठावं लागेल." हे वाक्य त्यांना खूप वेळ पुरलं. मधे थांबले, श्वास घेतला, मी म्हटलं राहू द्या, तरी हाताने मला गप्प केलं आणि पुरं केलं. विनोद अर्धा सोडलेला मी त्यांना कधी बघितलं नाही. मग स्वतःच हसले, त्याचा खोकला झाला. तो निरोप मी तुला दिला नाही, कारण तू मला कधी बोलूच दिलं नाहीस. आता पोचला.

दुपारी मी खाटेशेजारी पँट आखूड करत बसले होते. घरी काम आणायचे मी तेव्हा. यांनी विचारलं, कुणाची? मी म्हटलं, नवीन गिऱ्हाईक आहे, आपल्याच गल्लीत कोपऱ्यावर राहायला आलाय. मी पाय दुमडून धरला होता. किती कापड आत गेलंय ते यांनी बघितलं. म्हणाले, "एवढासाच? वरच्या मजल्याचं बटण... पोचतं का याला?"

मी हसले. सुईत दोरा घालत होते, नेम चुकला, पुन्हा घातला. वर बघितलं तर यांचे डोळे मिटलेले. वाटलं, थकले बोलून. डावा पाय शिवून झाला होता, उजवा घेतला. शिवता शिवता लक्षात आलं, खोलीतला एक आवाज नाहीये. यांचा श्वास वाजायचा, इतके दिवस की मला तो ऐकूच येत नसे. तो थांबल्यावर ऐकू आला.

मी उठले नाही, वन्सं. उजवा पाय शेवटपर्यंत शिवला. दोरा दाताने तोडला, पँट घडी करून मशीनवर ठेवली, आणि मग यांच्याजवळ गेले. लोकांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, धक्का बसला असेल. धक्का नव्हता. ज्या पँटवर त्यांनी शेवटचा विनोद केला ती अर्धवट टाकून उठणं मला बरं वाटेना, एवढंच. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण ते कुणाला तरी सांगायचं होतं, आणि जिला मला वेडी म्हणावंसं वाटणार नाही अशी तू एकटी आहेस.

असं गेले. दाराकडे बघत नाही. एका बुटक्या माणसाच्या पँटीकडे बघत, हसत.

पुढचं ऐक. पंधरवड्याने तो माणूस पँट घालून दुकानात आला. मी बघते तर उजवा पाय डाव्यापेक्षा बोटभर आखूड, आणि टाके असे की पहिल्या दिवशी शिकायला आलेली मुलगीही घालणार नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काम गेलेलं नाही. मी म्हटलं, "द्या हो, उसवून नीट करते." तर म्हणाला, "राहू द्या ताई, आजवर सगळ्यांनी मला दोन्ही पाय लांबच दिले. निदान एक तरी बरोबर आलाय."

तर तुझ्या त्या सरदारिणीला कडा मिळाला, समुद्र मिळाला, मनोरा मिळाला. मला काय, तर एक करडी पँट. तो माणूस रोज संध्याकाळी दूध आणायला आमच्या दुकानावरून जातो. आठवड्यातून दोनदा तरी तीच पँट असते. असली की मी कात्री खाली ठेवते आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याच्या घोट्यांकडे बघत बसते. डावा पाय, उजवा पाय. मास्तरांनी हे हेरलंय. त्यांची खात्री झालीय की माझं त्या माणसावर मन बसलंय. परवा घसा खाकरून म्हणाले, "ताई, माणूस सज्जन आहे, एकटाच आहे, मी शब्द टाकू का?" मी इस्त्रीच्या कामात डोकं घातलं. त्यांना काय सांगणार? खरं सांगितलं तर त्याहून वेडी ठरेन.

तुझा पाय आता बरा आहे. दोन गाड्या बदलायच्या, त्यातही तुला जागा मिळते. ये. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसू आणि तुला ती पँट दाखवते.

तुझी,
वहिनी